कुंपण आणि शेत

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ चिकटून, एक वीतभर लांबीचा अवयव आडवा पडलेला असतो. त्याचे नाव स्वादुपिंड. अन्न पचविणारे रस निर्माण करणे आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन पुरविणे, ही दोन्ही त्याचीच कामे. परंतु त्याची जागा इतकी आडबाजूची की, त्याला जडलेला विकार बाहेरून हाताला लागत नाही आणि लवकर कळतही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एखादा शल्यविशारद रोग्याचे पोट उघडून या अवयवापर्यंत पोहोचला, म्हणजे त्याच्या बोटांना पुष्कळदा दगडासारखी कठीण गाठ लागे. कर्करोग असावा, अशा शंकेने तो तिचा लहानसा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाठवी. आणि उत्तर येई की, तुकड्यात कर्कपेशी नाहीत, केवळ तंतू आहेत. मग मोठी पंचाईत होई. कारण स्वादुपिंडाच्या जुनाट दाहातही तो अवयव असाच कठीण होतो. रोग दाहाचा की कर्काचा, हे बोटालाही कळेना आणि भिंगालाही कळेना.

या पेचाचे कारण पुढे स्पष्ट झाले, आणि तेच आजच्या विवेचनाचे बीज आहे. स्वादुपिंडाचा जो कर्करोग सर्वाधिक आढळतो, म्हणजे त्याच्या रसनलिकांच्या अस्तरापासून उद्भवणारा, त्याच्या गाठीतील मोठा भाग कर्करोगाचा नसतोच. अर्ध्याहून अधिक, आणि काही गाठींत ८० ते ९० टक्के भाग, रोग्याच्या स्वतःच्या निरोगी पेशींनी रचलेला असतो: कोलॅजेनचे दाट तंतू, ते विणणाऱ्या पेशी, दाबून चपट झालेल्या रक्तवाहिन्या आणि इतस्ततः विखुरलेल्या श्वेतपेशी. या भोवतालच्या पेशीजालाला वैद्यकात ‘स्ट्रोमा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंथरूण. ज्यांनी हे नाव दिले त्यांना वाटले असावे की, अंथरुणाला स्वतःचे असे काही कर्तृत्व नसते. जो त्यावर निजला आहे त्याच्याकडेच पाहावे. हा समज शंभर वर्षे टिकला, आणि तो ढळल्यावर जो दुसरा समज आला तोही काही कमी महागात पडला नाही.

भोवतालाकडे प्रथम पाहणाऱ्यांत बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्खो यांचे नाव घ्यावे लागते. १८६३ च्या सुमारास त्यांनी अर्बुदांच्या छेदांत श्वेतपेशी आढळतात हे नोंदविले, आणि जुनाट दाह व अर्बुद यांचा काही संबंध असावा असे सुचविले. पुढे १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांची टिपणे त्यांनी तपासली होती. यकृतात रोग पसरल्याची उदाहरणे २४१ निघाली. प्लीहेत अवघी १७. दोन्ही अवयवांना रक्त तर भरपूर मिळते. रक्ताबरोबर वाहत जाणारी कर्कपेशी केवळ योगायोगाने कुठेतरी अडकत असेल, तर इतकी तफावत का पडावी? पॅजेट यांचे उत्तर असे की, बी वाऱ्यावर सर्वत्र उडते, परंतु रुजते ते मानवेल त्याच मातीत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागले नसते. वैद्यकाला मात्र त्या वेळी ते ऐकावेसे वाटले नाही. बियाण्याचा अभ्यास करणारे पुष्कळ आहेत, मातीचा अभ्यासही उपयोगी पडेल, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे पुढील कित्येक दशके कपाटातच राहिले.

याला कारणेही होती. न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये स्वादुपिंडाचे शीर्ष आणि त्याला लागून असलेले आतडे कापून काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली, तेव्हा गाठ संपूर्ण काढता येते की नाही, हाच प्रश्न जीवनमरणाचा होता. क्ष-किरण आधीच आले होते, नंतर पेशीमारक औषधे आली. सर्वांचे लक्ष्य एकच: कर्कपेशी. भोवतालचे तंतू ही केवळ अडगळ.

१९८६ मध्ये बॉस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी या अडगळीला अर्थ दिला. अर्बुदे म्हणजे कधीच न भरणाऱ्या जखमा होत, असा त्यांचा सिद्धान्त. जखम झाली म्हणजे काय घडते ते आठवून पाहावे. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, त्याचे जाळे गोठते, श्वेतपेशी धावून येतात, तंतुजनक पेशी कोलॅजेन विणू लागतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. आणि काम संपले की सारा लवाजमा पांगतो, मागे वण तेवढा राहतो. अर्बुदाभोवती हेच सर्व घडते. फरक इतकाच की, काम संपल्याची वर्दी कधी मिळत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भरून येणाऱ्या जखमेत श्वेतपेशींना बोलावणे जितके आवश्यक, तितकेच त्यांना वेळीच आवरणेही आवश्यक असते. नाही तर जंतूंबरोबर त्या आपल्याच कोवळ्या पेशींचाही फडशा पाडतील. म्हणून दुरुस्ती करणाऱ्या पेशीजालाच्या अंगी श्वेतपेशींना शांत करण्याची कला मूळचीच असते. कर्करोगाभोवतीचे पेशीजाल शरीराच्या राखणदारांना निष्प्रभ करते, असे आपण ऐकतो तेव्हा ते फितूर झाले आहे असे वाटते. माझ्या मते ‘फितूर’ हा शब्द अन्यायाचा आहे. ते आपले नेहमीचे कर्तव्यच बजावीत असते. मात्र खोट्या हुकमावर.

हे तंतू विणते कोण, हा प्रश्न सुटायला १९९८ साल उजाडावे लागले. यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ साठवणाऱ्या ताराकृती पेशी पूर्वीच ठाऊक होत्या, आणि तशाच पेशी स्वादुपिंडातही असल्याची चिन्हे १९८० नंतर दिसू लागली होती. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि जर्मनीतील उल्म अशा दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या संशोधकगटांनी या पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढविल्या. सिडनीच्या निबंधातील पहिले नाव मिनोती आपटे यांचे आहे. मराठी कानांना ते परके वाटणार नाही. मद्यपानाने स्वादुपिंड का कठीण होते, या प्रश्नाचा मागोवा घेत हा गट या पेशींपर्यंत आला होता. निरोगी अवस्थेत ही ताराकृती पेशी मोठी निरुपद्रवी असते. पोटात जीवनसत्त्व ‘अ’ चे तेलकट थेंब बाळगून ती स्वस्थ बसते. दाहाची किंवा जवळच्या कर्कपेशीची चाहूल लागली की, ते थेंब नाहीसे होतात, पेशी ताणली जाते, तिच्या अंगी आकुंचनाची शक्ती येते आणि ती कोलॅजेन विणू लागते. स्वादुपिंडाच्या कर्करोगातील त्या दगडी कठीणपणाचा एक मुख्य कारागीर अशा रीतीने सापडला.

आता राखणदारांकडे वळू. कर्कपेशी ओळखून ठार करण्याचे काम प्रामुख्याने ज्या श्वेतपेशी करतात, त्यांना टी-पेशी म्हणतात. या पेशींवर शरीर स्वतःच काही लगाम घालते. ते लगाम सैल केले तर टी-पेशी कर्करोगावर तुटून पडतात, असे दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेच्या मेलॅनोमा नामक कर्करोगात या उपचाराने जे रोगी महिन्यांच्या हिशेबाने जगत होते, त्यांपैकी काही वर्षानुवर्षे जगू लागले. साहजिकच स्वादुपिंडाच्या रोग्यांच्याही आशा पालवल्या. परंतु २०१० मध्ये अशा एका औषधाची २७ रोग्यांवरील परीक्षा निष्फळ ठरली. एका रोग्यात उशिराने परिणाम दिसला, इतकेच. २०१२ मध्ये दुसऱ्या एका औषधाच्या परीक्षेत स्वादुपिंडाचे १४ रोगी होते. एकाचीही गाठ हटली नाही. ज्यांच्या कर्कपेशींत जनुकदुरुस्तीचा एक विशिष्ट दोष असतो, असे शंभरांत जेमतेम एक रोगी सोडले, तर हे चित्र पुढेही पालटले नाही.

असे का व्हावे? याची तीन उत्तरे एकामागून एक मिळाली, आणि तिन्हींचा रोख भोवतालाकडेच होता.

पहिले उत्तर फिलाडेल्फियाचे. २००५ मध्ये तेथील संशोधकांनी उंदरांची एक जात तयार केली होती, जिच्यात माणसाप्रमाणेच, जनुकांतील त्याच बिघाडांमुळे, स्वादुपिंडाचा कर्करोग उद्भवतो. या उंदरांत रोगाची अगदी पहिली पायरी, म्हणजे अस्तरातील पेशी नुकत्या कुठे बिघडू लागलेल्या असताना, कोण कोण जमा होते हे २००७ मध्ये पाहिले गेले. टी-पेशी यायच्या आधीच त्यांना दाबणाऱ्या श्वेतपेशी, भक्षकपेशी वगैरे, तेथे ठाण मांडून बसलेल्या आढळल्या. म्हणजे कर्करोग आधी वाढला आणि मग त्याने राखणदारांना चकविले, असा क्रम नव्हता. राखणदारांचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासूनच होता. २०१२ मध्ये दोन प्रयोगशाळांनी यातील एक धागा उलगडला: बिघडलेली पेशीच एक रासायनिक निरोप सोडते, त्या निरोपाने या दाबणाऱ्या पेशी येतात, आणि निरोप अडविला तर टी-पेशी पुन्हा कामाला लागतात.

दुसरे उत्तर इंग्लंडमधील केंब्रिजचे. तेथे २०१३ मध्ये असे दिसले की, भोवतालच्या काही तंतुजनक पेशी एक प्रथिन स्रवतात आणि कर्कपेशींच्या अंगावर त्याचा जणू लेप चढतो. टी-पेशी गाठीच्या कडेपर्यंत येतात, परंतु लेप असलेल्या भागात शिरत नाहीत. त्या प्रथिनाचा परिणाम रोखणारे एक औषध उंदरांना दिले, तेव्हा थोड्याच दिवसांत टी-पेशी आत घुसल्या, आणि जे लगाम सैल करणारे औषध एरवी निरुपयोगी ठरत होते तेही उपयोगी पडू लागले.

तिसरे उत्तर सर्वांत साधे आणि म्हणूनच सर्वांत मोहक होते: दाट तंतूंची भिंतच आड येते. औषध आत जात नाही, पेशी आत जात नाहीत. मग भिंत पाडावी!

हा मोह समजण्यासारखा आहे. २००९ मध्ये केंब्रिजच्याच संशोधकांनी एक औषध उंदरांना दिले. कर्कपेशी ज्या संदेशाने भोवतालच्या पेशींना विणकामाला लावतात, तो संदेश या औषधाने अडविला जाई. तंतू विरळ झाले, रक्तवाहिन्या वाढल्या, पेशीमारक औषध आत पोहोचू लागले, आणि उंदरांचे जगणे मध्यमानाने ११ दिवसांवरून २५ दिवसांवर गेले. उंदराच्या हिशेबाने ही मोठीच मजल. लगोलग माणसांवर परीक्षा सुरू झाली. परंतु २०१२ च्या आरंभी ती मध्येच थांबवावी लागली. कारण नवे औषध मिळालेले रोगी, ते न मिळालेल्यांपेक्षा लवकर मरत होते.

भिंतीच्या दुसऱ्या घटकावरही घाव घालून पाहिला गेला. या पेशीजालात हायलुरोनिक आम्ल नावाचा, पाणी धरून फुगणारा पदार्थ विपुल असतो. त्यामुळे आतील दाब वाढून रक्तवाहिन्या मिटतात. तो पदार्थ विरघळविणारे एक द्रव्य उंदरांत गुणकारी ठरले. माणसांत मात्र, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत, प्रबळ औषधमिश्रणाबरोबर ते घेणारे रोगी मध्यमानाने ७.७ महिने जगले, तर केवळ औषधमिश्रण घेणारे १४.४ महिने. वेगळ्या औषधांसह ४९४ रोग्यांवर झालेली दुसरी मोठी परीक्षाही निरर्थक ठरली: ११.२ महिने आणि ११.५ महिने. या आकड्यांपुढे थोडे थांबले पाहिजे. ज्या रोगात निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेसारख्या संपन्न देशातही २०२५ च्या सुमारास शंभरांत तेराच होते, त्या रोगाच्या माणसांनी आपल्या उरलेल्या महिन्यांतून हे उत्तर विकत घेतले आहे.

चुकले कुठे? २०१४ मध्ये एकाच नियतकालिकात दोन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले, एक ह्यूस्टनचा, दुसरा फिलाडेल्फियाचा. ह्यूस्टनमध्ये राघू कल्लुरी यांच्या गटाने उंदरांतील तंतुजनक पेशीच नष्ट केल्या. अपेक्षा अशी की, अडसर गेल्यावर गाठ उघडी पडेल. पडली ती उंदरांवरच आपत्ती. कर्करोग अधिक रानटी झाला, अधिक पसरला, टी-पेशींना आवरणाऱ्या पेशींची संख्या वाढली आणि उंदीर लवकर मेले. फिलाडेल्फियात विणकामाचा संदेशच जन्मतः काढून टाकला, तरी निकाल तोच. २०२१ मध्ये कल्लुरी यांच्याच गटाने आणखी बारकाईने पाहिले. या वेळी पेशी न मारता त्यांचे कोलॅजेन तेवढे थांबविले. तरीही टी-पेशी कमी झाल्या, दाबणाऱ्या श्वेतपेशी वाढल्या, रोग बळावला.

मराठीत ‘कुंपणच शेत खाते’ अशी म्हण आहे, आणि २००९ पर्यंत शास्त्रज्ञांनी या पेशीजालावर तोच आरोप ठेवला होता. कुंपण उपटल्यावर कळले की, त्याच्या काही काट्या खरोखरच कुंपणाचे काम करीत होत्या: कर्करोगाला आतल्या आत कोंडून धरण्याचे.

‘काही काट्या’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. यानंतरच्या संशोधनाचा सारा भर याच भेदावर आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे डेव्हिड टुव्हसन यांच्या प्रयोगशाळेत, ताराकृती पेशी आणि कर्कपेशींचे सूक्ष्म गोळे एकत्र वाढविण्यात आले. एकाच मूळच्या पेशींनी दोन निराळी रूपे घेतली. कर्कपेशींना अगदी लगटून असलेल्या पेशी आकुंचनशील आणि तंतू विणणाऱ्या; थोड्या अंतरावरच्या पेशी विणकाम कमी करणाऱ्या, परंतु दाहाला आणि राखणदारांच्या दमनाला पोषक रसायने सोडणाऱ्या. पहिल्या बहुधा बांध घालणाऱ्या, दुसऱ्या उपद्रवी. २०१९ मध्ये तिसरा प्रकार सापडला. हा टी-पेशीला ओळखीची खूण दाखवितो, परंतु ती उत्तेजित होण्यास लागणारा दुसरा इशारा मात्र देत नाही. अशी अर्धवट ओळख झालेली टी-पेशी पुष्कळदा मारेकरी होण्याऐवजी इतरांना आवरणारी होते. सर्वांत मोठी अडचण अशी की, ही रूपे कायमची नाहीत. जवळून येणारे संदेश बदलले की, पहिल्या प्रकारची पेशी दुसऱ्या प्रकारची होते आणि दुसऱ्या प्रकारची पहिल्या. निवडून निवडून कोणाला उपटावे, तर उपटेपर्यंत त्याने वेष पालटलेला!

म्हणून मारण्याऐवजी निजविण्याचा विचार पुढे आला. ताराकृती पेशी जागी होताना जीवनसत्त्व ‘अ’ गमावते. तर ते तिला परत दिले तर? लंडनमध्ये २०११ च्या सुमारास हा प्रयोग प्राण्यांवर झाला, आणि त्या पेशी पुन्हा सुस्तावल्या. दोन वर्षांनी तेथेच असेही दिसले की, टी-पेशींना वाटेत अडकवून ठेवण्यात या पेशींचा हात असतो, आणि त्या शांत झाल्या की टी-पेशी कर्कपेशींच्या अधिक जवळ जाऊ शकतात. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात जीवनसत्त्व ‘ड’ च्या एका जातीचाही तसाच उपयोग दिसून आला. जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनविलेल्या औषधाची माणसांवरील पहिली परीक्षा २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध पेशीमारक द्रव्यांबरोबर सुरक्षितपणे देता येते, इतके तीत सिद्ध झाले. आयुष्य वाढते असे सिद्ध करण्याइतकी ती मोठी नव्हती. (कोणी श्रोत्याने यावरून बाजारातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, ‘अ’ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेले तर यकृतालाच अपाय करते.)

न्यूयॉर्कमध्ये मात्र एका गटाने निराळी वाट धरली. स्वादुपिंडाच्या कर्करोगातून दीर्घकाळ वाचलेल्या थोड्या रोग्यांच्या गाठी त्यांनी तपासल्या, आणि त्यांत टी-पेशी भरपूर असल्याचे २०१७ मध्ये दाखविले. यावरून, प्रत्येक रोग्याच्या कर्कपेशींतील खुणा वाचून त्याच्यापुरती लस तयार करण्यात आली. २०२३ मध्ये १६ रोग्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. लगाम सैल करणारे औषध आणि पेशीमारक औषधे यांच्या जोडीने ही लस दिली गेली होती. ८ जणांत कर्करोगाला ओळखणाऱ्या टी-पेशी उत्पन्न झाल्या. सुमारे तीन वर्षांनी त्या आठांपैकी दोघांत रोग परतला होता. ज्यांच्यात टी-पेशी उठल्या नाहीत, अशा आठांपैकी सातांत. संख्या फार लहान आहे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच चांगली त्यांनाच गुण आला असेल, ही शंकाही वाजवी आहे.

परंतु या परीक्षेतील एका गोष्टीकडे मला लक्ष वेधावयाचे आहे. त्या सोळाही जणांना लस दिली गेली ती शस्त्रक्रियेनंतर. म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचे सारे पेशीजाल शल्यविशारदाने काढून टाकल्यावर. टी-पेशींना शोधावयाच्या होत्या त्या मागे राहिलेल्या तुरळक कर्कपेशी, ज्यांना अद्याप स्वतःभोवती कुंपण घालून घेण्यास अवसर मिळाला नव्हता. अशी शस्त्रक्रिया निदानाच्या वेळी शक्य असते ती शंभरांतील पंधरा-वीस रोग्यांनाच. उरलेल्या ऐंशींच्या पोटात गाठ कुंपणासह जागच्या जागीच राहते, आणि त्यातील कोणती काटी बांधाची व कोणती उपद्रवी, हे जिवंत माणसात, तिने वेष पालटण्यापूर्वी, ओळखण्याचे साधन त्यांच्या वैद्यांच्या हाती अद्याप आलेले नाही.